दस्तरखान : उन्हाळ्यासाठी लिंबाचे गोड पदार्थ



एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या जेवणानंतर ‘आज गोड काय?’ असे कोणी विचारले की पंचाईत होते. खीर, शाही तुकडे, दुधी हलवा हे आपले नेहमीचे पदार्थ चवीला कितीही चांगले असले, तरी चाळीस अंशांच्या उन्हात तूप आणि आटवलेले दूध नको वाटते. घरात मुलांना सुट्टी असते, मेहमान येत-जात असतात, लग्नाच्या दावती सुरू असतात. गेली काही वर्षे बकरीदही मे-जूनमध्येच येत आहे. मटणाच्या भरपेट जेवणानंतर काहीतरी थंड, हलके आणि आंबट-गोड हवे असते. मग बाजारातून आइस्क्रीमचे डबे आणि जेलीची पाकिटे येतात. त्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, हे वाचायला कोणाला सवड नसते.

म्हणून या महिन्यात लिंबाचे चार गोड पदार्थ देत आहे. चारही घरात करता येतात, एकालाही ओव्हन लागत नाही आणि त्यातला एक तर फ्रिजशिवायही जमतो. चारही पदार्थांना मिळून एकच नियम आहे, तो आधी मनात पक्का करा: लिंबाचा रस सगळ्यात शेवटी आणि आचेवरून उतरवल्यावरच. रस उकळला की त्याचा ताजा वास उडतो, चव कडवट होते, ‘क’ जीवनसत्त्व कमी होते. शिवाय जेली असेल तर ती नीट जमत नाही. भाजी-आमटीत आपण लिंबू वरूनच पिळतो. गोडातही तेच करायचे.

आधी लिंबू निवडूया

उन्हाळ्यात लिंबू महाग का होते, असे अनेक जणी विचारतात. कागदी लिंबाला वर्षातून तीन बहर येतात: मृग, हस्त आणि आंबे बहर. उन्हाळ्यात हाती येणारे लिंबू हस्त बहराचे. हा बहर धरण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि नेमका तेव्हा पाऊस चालू असतो. त्यामुळे या बहराची फळे सर्वांत कमी आणि मागणी मात्र सर्वांत जास्त. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेका लिंबाला १०-१५ रुपये मोजावे लागले, ते आपल्याला आठवत असेल. म्हणून घेतलेल्या लिंबाचा रस आणि साल, दोन्ही कामी आणायचे.

पातळ, तुकतुकीत सालीचे आणि हातात वजनदार लागणारे लिंबू घ्या. हलके आणि जाड सालीचे लिंबू दिसायला मोठे असले तरी रस कमी देते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘साई सरबती’ ही जात पातळ साल आणि भरपूर रस यांसाठीच ओळखली जाते. साल वापरायची असल्याने लिंबे कोमट पाण्यात चोळून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशी पाककृतीत ‘दोन लिंबांचा रस’ असे लिहिलेले असते, ते लिंबू मोठे, पिवळे आणि जाड सालीचे असते. आपले कागदी लिंबू साधारण एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली रस देते. त्यामुळे तिथले एक लिंबू म्हणजे आपली अडीच-तीन लिंबे. खाली दिलेले प्रमाण कागदी लिंबाचे आहे. तरी रस मोजूनच घ्या, कारण प्रत्येक लिंबाचा रस सारखा निघत नाही.

साल किसायची ती लिंबू कापण्याआधी. बारीक किसणीवर हलक्या हाताने दोन-तीन वेळाच फिरवा आणि लिंबू वळवत राहा. फक्त वरचा हिरवट-पिवळा थर हवा. खालचा पांढरा भाग आला की पदार्थ कडू झालाच म्हणून समजा. आपल्या लिंबाची साल पातळ असल्याने इथे घाई चालत नाही. हा कीस साखरेत घालून बोटांनी दोन मिनिटे चोळा. सालीतले तेल साखरेत उतरते आणि साखर ओलसर, सुगंधी होते. बाजारच्या लेमन इसेन्सची मग गरजच उरत नाही. काही इसेन्समध्ये द्रावक म्हणून अल्कोहोल असते, तीही काळजी मिटते.

रस काढताना बिया लगेच गाळून टाका, रसात पडून राहिल्या तर कडवटपणा येतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेले तांबे-पितळ आंबटाला चालत नाही.

जेली आणि जिलेटिन

पहिला पदार्थ जेलीचा आहे, म्हणून दोन शब्द जिलेटिनविषयी. जेली, मार्शमॅलो, काही पुडिंगे आणि चघळायच्या गोळ्या यांत घट्टपणासाठी जिलेटिन वापरतात. ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते. कोणत्या जनावराचे, कशा प्रकारे जिबह केलेल्या, हे पाकिटावर सहसा लिहिलेले नसते. आपल्याकडच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असेल, तर त्यात जिलेटिन नाही असे समजता येते. घटकांच्या यादीत ‘अगर’ किंवा ‘आयएनएस ४०६’ दिसले, तर ती वनस्पतीपासूनची वस्तू आहे.

हेच अगर आपल्या घरात चायना ग्रास या नावाने वर्षानुवर्षे येत आहे. हे समुद्रातल्या लाल शेवाळापासून करतात. रमजानमध्ये दुधातला चायना ग्रास बहुतेक घरांत होतो, पण तोच लिंबाच्या पाण्यातही उत्तम जमतो. उन्हाळ्यासाठी त्याचा एक मोठा फायदा आहे. जिलेटिनची जेली ३०-३५ अंशांच्या आसपासच वितळू लागते, म्हणजे आपल्या मे महिन्यात ती फ्रिजबाहेर टिकतच नाही. चायना ग्रास ३५-४० अंशांच्या आसपास जमतो आणि एकदा जमला की ८५ अंशांच्या जवळ गेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात आणि लोडशेडिंगच्या दुपारीही ही जेली ताटात उभी राहते.

१. चायना ग्रासची लिंबू जेली
(८ जणांसाठी)

साहित्य: चायना ग्रास १० ग्रॅम (एक लहान पाकीट), पाणी ७०० मिली, साखर २०० ग्रॅम, लिंबाचा रस १०० मिली (६-७ लिंबे), ३ लिंबांच्या सालीचा कीस, चिमूटभर मीठ, सब्जा २ चमचे, पुदिन्याची थोडी पाने.

कृती: चायना ग्रास कात्रीने बारीक कापून त्याच ७०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा. लिंबाचा रस काढून, गाळून ओट्यावरच ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. साखरेत सालीचा कीस चोळून ठेवा. सब्जा वेगळ्या वाटीत पाणी घालून फुगत ठेवा.

आता चायना ग्रास पाण्यासकट मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. १०-१२ मिनिटांत तो पूर्ण विरघळतो. चमचा वर उचलून उजेडात पाहा. चमच्यावर एकही धागा दिसला नाही की झाले. धागे राहिले तर जेली जागोजागी घट्ट आणि जागोजागी पाणीदार होते. पातेले खाली उतरवा, कीस घातलेली साखर आणि मीठ घालून विरघळवा. दोन मिनिटे थांबा, मग लिंबाचा रस ओता आणि एकदा नीट ढवळा. रस आचेवर असताना घातला तर आंबटपणामुळे चायना ग्रासची पकड सैल पडते. रस फ्रिजमधला गार असेल तर गुठळ्या होतात. लगेच गाळणीतून काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात गाळा आणि हलवू नका.

फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल, तर परातीत माठातले पाणी घेऊन त्यात हे भांडे ठेवा आणि वरून जाळी झाका. तासा-दीड तासात जेली जमते. चौकोनी तुकडे कापून पेल्यात घाला, वर फुगलेला सब्जा आणि पुदिन्याचे पान ठेवा. हिरवा किंवा पिवळा रंग घालू नका. लिंबाची जेली फिकट, धुरकट पांढरीच असते आणि तशीच ती छान दिसते.

२. लेमन पुडिंगचे कप
(८ कप)

साहित्य: कंडेन्स्ड मिल्क १ डबा (४०० ग्रॅम), फ्रेश क्रीम २०० मिली, लिंबाचा रस १०० मिली, ३ लिंबांच्या सालीचा कीस, मारी बिस्किटे १४-१५, लोणी ५० ग्रॅम.

कृती: बिस्किटे लाटण्याने बारीक करा, त्यात वितळवलेले लोणी मिसळा आणि प्रत्येक कपाच्या तळाला दोन चमचे दाबून बसवा. क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क दोन्ही गार असू द्या. मोठ्या भांड्यात दोन्ही एकत्र करून त्यात सालीचा कीस घाला. आता रस दोन-तीन वेळा थोडा थोडा घालत फेटा. मिनिटाभरात मिश्रण तुमच्या डोळ्यांसमोर दाट होईल. कपांत भरून, झाकून चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

यात ना अंडे, ना जिलेटिन, ना कॉर्नफ्लोअर. मग ते घट्ट कसे होते? दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटते, तीच क्रिया इथे होते. पण कंडेन्स्ड मिल्क इतके दाट आणि गोड असते की पाणी वेगळे न सुटता सगळे मिश्रणच लोण्यासारखे बसते. साध्या दुधाने हे जमणार नाही, तिथे पनीरच होईल. रसही मोजूनच घाला. कमी झाला तर मिश्रण पातळ राहते, जास्त झाला तर दात आंबतात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर भरपूर असते, वरून आणखी घालू नका. क्रीमऐवजी घरची साय घ्यायची असेल, तर ती त्याच दिवशीची असावी आणि मिक्सरमध्ये एकदाच फिरवावी. जास्त फिरवली तर लोणी निघेल.

लहान वाट्यांत भरले तर हाच ऐवज १२ जणांना पुरतो. पदार्थ जड आहे, म्हणून वाटी लहानच बरी.

३. लिंबाच्या सालीचा चक्का
(५-६ जणांसाठी)

साहित्य: सायीच्या दुधाचे ताजे, गोड दही १ किलो, पिठीसाखर १२०-१५० ग्रॅम, २ लिंबांच्या सालीचा कीस, लिंबाचा रस १ लहान चमचा, चिमूटभर मीठ.

कृती: दही मलमलच्या कापडात बांधा. हिवाळ्यात आपण ते खुंटीला टांगतो, उन्हाळ्यात तसे केले तर सहा तासांत दही आंबून जाते. म्हणून गाळणीत गाठोडे ठेवा, खाली पातेले घ्या आणि सगळेच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सुमारे ४०० ग्रॅम चक्का मिळेल. पिठीसाखरेत सालीचा कीस चोळा, चक्क्यात मिसळा आणि चाळणीवरून घासून घ्या, म्हणजे तो मऊसूत होतो. शेवटी चमचाभर रस घाला. दही मुळातच आंबट असते, त्यामुळे इथे रस नावाला आणि काम सगळे सालीचे. वेलची-केशर घालू नका, त्यांच्यापुढे लिंबाचा वास टिकत नाही.

घरात कोणाला मधुमेह असेल, तर साखर घालण्याआधीच त्यांच्या वाट्याचा चक्का बाजूला काढा. त्यात सालीचा कीस, चिमूट मीठ आणि डॉक्टरांनी खायला सांगितलेल्या फळाच्या चार फोडी घाला. दादी-नानींना ‘तुम्हाला चालत नाही’ असे सांगून दस्तरखानावर रिकाम्या हाताने बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. आणि हेही स्पष्ट सांगते: लिंबू घातल्याने साखरेचा पदार्थ औषधी होत नाही. बाकीचे तीन पदार्थ मधुमेह असलेल्यांसाठी नाहीत.

गाळून उरलेले दह्याचे पाणी फेकू नका. मीठ, जिरेपूड आणि पुदिना घालून प्या किंवा पराठ्याची कणीक त्यात भिजवा.

४. लिंबू-पुदिन्याचा बर्फ
(६ जणांसाठी)

आपला ‘शरबत’ हा शब्द ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. तोच तुर्कस्तानातून इटली-फ्रान्सकडे गेला आणि तिकडे ‘सॉर्बे’ झाला. आज मोठ्या हॉटेलांत महागड्या पेल्यात मिळणारा सॉर्बे म्हणजे गोठवलेले शरबतच. ते घरी करायला ना मशीन लागते, ना दूध.

साहित्य: पाणी ५०० मिली, साखर १५० ग्रॅम, लिंबाचा रस १०० मिली, २ लिंबांच्या सालीचा कीस, पुदिन्याची १०-१२ पाने, चिमूटभर मीठ.

कृती: अर्ध्या पाण्यात साखर विरघळेपर्यंत गरम करा, खाली उतरवून कीस आणि हाताने चुरडलेला पुदिना घाला आणि झाकून ठेवा. पूर्ण गार झाल्यावर गाळा. उरलेले पाणी, मीठ आणि रस घाला. पसरट स्टीलच्या डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवा. स्टील लवकर गार होते, प्लॅस्टिकच्या डब्याला जास्त वेळ लागतो.

तासाभराने कडेला बर्फ धरलेला दिसेल. काट्याने तो खरवडून मध्ये घ्या. पुढे दर अर्ध्या तासाने असेच तीन-चार वेळा करा. शेवटी भुसभुशीत, कणीदार बर्फ तयार होतो. ‘साखर कमी घालू का?’ असे वाटेल, पण इथे साखर फक्त गोडीसाठी नाही. तिच्यामुळेच बर्फ दगडासारखा जमत नाही. फारच कमी केली तर काटा रुतणार नाही. कलिंगडाच्या थंड फोडींवर हा बर्फ दोन चमचे घालून पाहा, मुले रस्त्यावरच्या रंगीत गोळ्याची आठवण काढणार नाहीत. मध्येच वीज गेली आणि बर्फ वितळला, तर चिडू नका. पेल्यात ओता, शरबत तयार आहे.

कोणता पदार्थ कधी?

दावतीला पन्नास माणसे असतील तर जेली करा. ती आदल्या रात्री होते, स्वस्तात पडते आणि वाढताना वितळत नाही. एखाद्या आजारी नातेवाइकाकडे डबा न्यायचा असेल तरी तीच सोयीची, पथ्याचे मात्र आधी विचारून घ्या. मटणाच्या जेवणानंतर बर्फ उत्तम, तोंडाचा तुपकटपणा लगेच जातो. चार-सहा खास मेहमान असतील तर पुडिंगचे कप. घरातल्या रोजच्या जेवणाला चक्का.

दूध-दह्याचे दोन्ही पदार्थ उन्हाळ्यात फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कडक उन्हात, मंडपात तर तासभरसुद्धा पुष्कळ झाला. कप एकदम बाहेर न काढता लागतील तसे काढा. फ्रिजमध्ये झाकून ठेवलेले पुडिंग, चक्का आणि जेली दोन दिवसांत संपवा.

उरलेल्या साली आणि पुढची तयारी

रस काढलेल्या साली मिठात घोळून बरणीत टाकत जा. रोज थोड्या थोड्या साठल्या की त्यांत तिखट-हळद आणि थोडा लिंबाचा रस घालून लोणचे होते. पुदिन्याच्या शरबताच्या चोथ्यासह दोन साली कुकरच्या तळाला टाकून पाणी उकळले, तर आतला काळेपणा निघतो. मिठात बुडवलेल्या सालीने तांब्या-पितळेची भांडी घासा, मग साध्या पाण्याने नीट धुवा.

शेवटी पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. पावसाळ्यात आंबे बहराचे आणि हिवाळ्यात मृग बहराचे लिंबू बाजारात भरपूर येते, तेव्हा भाव उतरतो. त्या वेळी चार-पाच डझन लिंबे एकदम घ्या. साली आधी किसून साखरेत चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. प्रत्येक खणात एक मोठा चमचा रस घातला की एक खडा म्हणजे एक लिंबू, असा सरळ हिशेब राहतो. गोठलेले खडे पिशवीत भरून त्यावर महिना लिहा. जेलीला सात खडे, पुडिंगला सात, चक्क्याला एकाचाही तिसरा हिस्सा. वापरताना आधी पूर्ण वितळू द्या आणि ओट्यावर थोडा वेळ ठेवून मगच मिसळा. ज्या घरात वीज तासन्‌तास जाते, तिथे मात्र हा साठा करू नका. तिथे ताजे लिंबू आणि चायना ग्रासची जेली हीच जोडी खरी.

या महिन्यात चारपैकी निदान एक पदार्थ करून पाहा आणि साखर, आंबटपणा तुमच्या घराच्या चवीला कितपत जमला ते कळवा.

खुदा हाफिज.